गोलची जाळी आणि माझे पाय

गेल्या आठवड्यात वरंधहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलाचे पाय गेलेत. मुंबईला ठेवलाय, आणि डॉक्टरांनी त्यांना तेच नाव सांगितलंय जे माझ्या आईबाबांना सांगितलं होतं: जीबीएस, नसांचा आजार. "तुला लय त्रास झाला का रे?" त्यांनी विचारलं. मी सवयीने म्हणालो, "नाय हो काकी, होतं बरं." फोन ठेवला आणि माझी मलाच चीड आली. होतं बरं काय, डोंबल! इतकं सोपं असतं तर त्या बाईने अनोळखी पोराला फोन कशाला केला असता?

म्हणून लिहायला बसलोय. मी डॉक्टर नाही, औषधांची नावं मला अजून धड उच्चारता येत नाहीत. मला एवढंच माहीत आहे की उभा माणूस आडवा कसा होतो आणि त्याला परत उठायला काय काय लागतं. ज्यांच्या घरात हे आलंय त्यांनी वाचावं. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल, फक्त 'बिचारा' म्हणू नये. त्या शब्दाचा मला वीट आलाय.

उडी

मी सुमेध. आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला. हायवेला उतरून पायऱ्या चढत यावं लागतं. कॉलेज महाडला. मी तिसऱ्या वर्षाला होतो आणि कॉलेजच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर होतो.

टीम म्हणजे फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. आमच्याकडे कबड्डीला पोरं रांग लावतात, क्रिकेटला भांडतात, आणि फुटबॉलला जाधव सर वर्गावर्गात फिरून माणसं गोळा करतात. जेमतेम चौदा जण. त्यात कीपर एकटा मी. पावसाळ्यात सावित्रीचं पाणी मैदानात येतं आणि जाताना गाळ ठेवून जातं. तो गाळ टीमनेच फावड्याने ओढून काढायचा, मग मोसम सुरू, अशी आमची पद्धत. त्या वर्षी गाळ काढताना सर म्हणाले होते, "या खेपेला तुम्ही झोनच्या पुढे गेला नाहीत तर मी शिट्टी नदीत टाकीन." टीम खरंच चांगली होती. आमचा कॅप्टन इम्रान, महाडचाच, घरचे ट्रक. तो बचावाला मधे उभा राहिला की समोरच्या पोरांना वाट सापडत नसे.

मोसमाच्या आधी एक मैत्रीची मॅच खेळायला आम्ही बाहेरगावी गेलो होतो. तिथे काहीतरी खाल्लं आणि अख्ख्या टीमला जुलाब झाले. दोन-तीन दिवसांत सगळे बरे झाले, मीसुद्धा. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की असं पोट बिघडल्यानंतर कधीकधी शरीर चुकून आपल्याच नसांवर उठतं. जुलाब चौदा जणांना झाले आणि पाय माझे गेले. 'मलाच का' हा प्रश्न मी महिनोन्महिने चघळला. त्याला उत्तर नाही. तुम्ही त्यात वेळ घालवू नका.

मोसमाची पहिली मॅच आमच्याच मैदानावर होती. सकाळपासून तळपायांना मुंग्या येत होत्या. नवे बूट चावतायत असं वाटलं. दुसऱ्या हाफला एक उंच बॉल आला, असा की मी झोपेतही धरला असता. मी उडी मारली. म्हणजे मारली असं मला वाटलं. पाय जमिनीवरच होते. बॉल बोटांवरून जाळीत गेला. "अबे झोपलास काय!" इम्रान ओरडला, आणि मी स्वतःच्या पायांकडे बघत राहिलो. मॅच बरोबरीत सुटली.

घरी जाताना वाडीच्या पायऱ्या मी कठडा धरधरून चढलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत अंघोळीला बसलो आणि उठताच येईना. हाताने रेटलं, भिंत धरली, काही नाही. शेवटी आईला हाक मारली. वीस वर्षांचा घोडा, अंगावर नुसता टॉवेल, आणि आईने बगलेत हात घालून मला उभा केला. मला इतकी लाज वाटली की मी तिच्यावरच खेकसलो.

आत्याचं औषध

पोलादपूरच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, अशक्तपणा दिसतोय म्हणाले, वाढलं तर लगेच या म्हणाले. वाढलं. पण आम्ही परत गेलो नाही, कारण तोवर आत्या आली होती.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. वाडीतच तिचं घर. बाई खमकी, आणि जीव लावणारी. लहानपणी मी अर्धा तिच्याच घरी जेवलोय. तिने माझे पाय दाबून पाहिले आणि आईला म्हणाली, "ह्याच्या अंगावरनं वारं गेलंय गो. सुया टोचून वारं जात नाय." माझ्या आतोबांना पूर्वी लकवा झाला होता. पारव्याचं रक्त पायांना चोळून, गोधडीत गुंडाळून, बंद खोलीत ठेवून ते चालायला लागले होते. निदान आत्याचा तसा पक्का विश्वास होता. आता पारवे म्हणजे आपली साधी कबुतरं, पण कोंडून पाळलेली चालत नाहीत, रानची हवीत.

आई गोंधळली. आमच्या घरात अंगारा-धुपारा चालत नाही. बाबांना त्याचा अभिमान आहे, दर मार्चला चवदार तळ्यावर जाणारं आमचं घर. आई हळूच तसं म्हणाली, तर आत्या उसळली. "ह्यो काय अंगारा हाय? मी काय देवऋषी आणला? औषध हाय ह्यं!" आईने बाबांना फोन लावला. बाबा एमआयडीसीत कंपनीत आहेत, बिरवाडीला खोली घेऊन राहतात, सुट्टीला वर येतात. फोनवर ते सारखे म्हणत होते, "दवाखान्यात परत न्या, मी निघतोच." पण पुढच्या पाळीचा रिलिव्हर आला नाही, डबल शिफ्ट लागली, आणि ते निघू शकले नाहीत. त्या दोन दिवसांत माझ्या हातातून चहाचा कप निसटायला लागला.

आत्याला मी आज दोष देत नाही. तेव्हा मीसुद्धा म्हणालो होतो, "करू दे ना, बघू तरी." घाबरलेल्या माणसाला समोर जो ठामपणे बोलतो तो पटतो. एवढंच आहे ते.

पारवे

टीममधली पोरं भेटायला आली. इम्रान आणि आणखी चार जण. आत्याने त्यांना ओटीवर चहा दिला आणि कामाला लावलं: "मैतर हाय ना तुमचा? मग पारवं आणा."

आणि हे येडे निघाले! हायवेचं काम चाललंय, तिथल्या पुलाच्या खांबांवर, स्लॅबच्या खाचांत पारवे बसतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण धरायचे कसे? इम्रानच्या डोक्यात कल्पना आली. तो सरळ महाडला गेला, मैदानातल्या गोलपोस्टवर चढून जाळी सोडली आणि घेऊन आला. माझ्या गोलची जाळी. दोघं वर चढले, दोघांनी खाली जाळी ताणली, एकाने पत्र्याचा डबा बडवला. हातपाय खरचटले, इम्रानचा शर्ट फाटला, पण पारवे मिळाले. पोरं पायऱ्या चढून आली तेव्हा इम्रानच्या केसांत पिसं होती आणि तोंडावर असा आनंद की फायनल मारून आलाय.

मला हसू आलं. ते हसूही नीट येईना, ओठाची एक बाजू जड झाली होती.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. परसात पारवे कापले. आत्याने वाटीतलं गरम रक्त माझ्या पायांना चोळलं. वास आठवतोय, पण गरम लागलेलं आठवत नाही, कारण काही लागलंच नाही. मी पायांकडे बघत होतो आणि ते दुसऱ्या कुणाचे तरी होते. तेव्हा पहिल्यांदा मला खरी भीती वाटली. आत्या चोळत होती, तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ती म्हणत होती, "येल जीव, आता येल." खिडकी लावली, गोधडी घातली.

ओरड

दुसऱ्या दिवशी कॉलेजची घरच्या मैदानावर मॅच, आणि एका गोलला जाळीच नाही. शिपायाने सांगितलं की इम्रान घेऊन गेला. जाधव सरांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मोटरसायकल काढून ते तडक पोलादपूरला आले. खालून पायऱ्या चढतानाच त्यांचा आवाज ऐकू येत होता. "कुठाय तो इम्रान? कुणाच्या बापाची जाळी आहे ती?"

इम्रान बाकीच्या पोरांबरोबर ओटीवर होता, तो आत माझ्याकडे पळाला. सर त्याला झोडायला म्हणून आत आले आणि त्यांनी मला पाहिलं.

मी "सर, या" म्हणालो. त्यांनी भुवया ताणल्या. "परत बोल." मी परत बोललो. त्यांनी खिडकी उघडली, माझ्या अंगावरची गोधडी काढली आणि म्हणाले, "सुमेध, ओरड. कॉर्नरला ओरडतोस तसा."

कॉर्नरचा बॉल आला की कीपर "माझा!" म्हणून ओरडतो. माझा तो आवाज मैदानाबाहेर रस्त्यापर्यंत जायचा, त्यावरून पोरं मला चिडवायची. मी छाती भरायला गेलो तर छाती भरेना. "माझा" म्हणालो ते मांजराच्या पिलासारखं आलं.

सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "ह्याचा श्वास कमी पडतोय," ते म्हणाले. "वारं-बिरं काही नाही. गाडी काढ, इम्रान."

आत्या दारात आडवी आली. "मधीच उठवलं तर औषध लागू होत नाय! माझ्या माणसाला मी उठवला हाय, तुम्ही काय सांगता?" सर तिच्याशी वाद घालायला लागले. पोरं कधी इकडे बघतायत, कधी तिकडे. आई भिंतीला टेकून उभी होती. मग ती आत गेली, तांब्याभर पाणी आणि फडकं घेऊन आली, आणि माझे पाय पुसायला बसली. घोट्यापासून मांडीपर्यंत सुकलेलं रक्त तिने पुसून काढलं.

"दवाखान्यात असा नाय न्यायचा त्याला," ती म्हणाली. आणि आत्याकडे न बघता, "न्या."

पाच जणांनी मला उचलून पायऱ्या उतरवल्या. इम्रानच्या काकाच्या पिकअपमध्ये गादी टाकली. महाडच्या डॉक्टरांनी मला तपासलं आणि बाहेर जाऊन एकच वाक्य बोलले: "इथे एक तासही घालवू नका." बाबा कंपनीतून कामाच्या कपड्यांतच आले आणि अँब्युलन्समध्ये चढले. माझा हात धरून बसले. मी त्यांना म्हणालो, "बाबा, मी मरणार का?" ते म्हणाले, "येडा आहेस का?" पण त्यांचा अंगठा माझ्या मनगटावर होता, नाडीवर.

मी फार वेळा विचार केलाय. त्या दिवशी मॅच नसती, किंवा इम्रानने जाळीऐवजी घरातली चादर नेली असती, तर सर आले नसते.

पापणी

मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पोहोचलो आणि त्याच दिवशी माझ्या घशात नळी गेली. श्वास मशीन घ्यायला लागलं. पुढे बरेच दिवस मी डोळे सोडून काहीच हलवू शकत नव्हतो. आणि एक गोष्ट लोकांना माहीत नसते: डोकं पूर्ण जागं असतं. सगळं ऐकू येतं, सगळं दुखतं, नाकावर माशी बसली तर कळतं. फक्त सांगता येत नाही. तुमचा माणूस असा पडला असेल तर त्याच्या उशाशी उभं राहून "काय खरं नाय ह्याचं" असलं काही बोलू नका. तो ऐकतोय.

मला भीती वाटायची. गोल गोल शब्द कशाला वापरू? मरणाची भीती वाटायची. मशीनची शिट्टी वाजली की वाटायचं, गेलो. नळीतला कफ ओढून काढायचे तेव्हा जीव कासावीस व्हायचा. त्यातून जी माणसं भेटली ती मात्र जन्मभर विसरणार नाही. एक सिस्टर होती संगमेश्वरची. तिने बाबांना सांगितलं, "एकदा पापणी मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. विचारत जा त्याला." ती माझी पहिली भाषा. बाबा भेटीच्या वेळेला यायचे, पासवर एकालाच सोडायचे म्हणून आई बाहेर जिन्यात बसायची. बाबा विचारायचे, "दुखतंय?" एकदा. "आईला पाठवू?" एकदा. "घाबरलास?" त्यावर मी डोळे तसेच उघडे ठेवायचो, कारण बाबाच जास्त घाबरले होते.

इकडे मोसम चालूच होता. टीमला दुसरा कीपर नव्हता म्हणून इम्रान स्वतः गोलमध्ये उभा राहिला. माझेच ग्लोव्ह्ज घालून. बचाव सोडून तो मागे गेला आणि मधे खिंडार पडलं, पण करणार काय? बाबा फोन स्पीकरवर टाकून माझ्या कानाशी धरायचे. "भाई, काल जिंकलो. हसू नको, पण मी दोन गोल वाचवले. एक तोंडाने." मी हसू शकत नव्हतो, आणि मला इतकं हसायचं होतं.

मग एकदा त्याचा फोन आला. उद्या हरलो तर घरी, जिंकलो तर झोनच्या पुढे. आवाजात टेन्शन होतं. "सुमेध, एकच सांग. ती पोरं उंच आहेत, कॉर्नर चांगला टाकतात. मी लाईनवर थांबू का बाहेर येऊ? बाहेर येऊ?"

बाबा माझ्या डोळ्यांकडे बघत होते. मी विचार केला. मी असतो तर बाहेर आलो असतो. मी एकदा पापणी मिटली.

"हो म्हणतोय," बाबा फोनमध्ये म्हणाले, आणि मला वाटलं, मी अजून टीममध्ये आहे. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा मला कुणी दुखतंय का सोडून दुसरं काही विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी कळलं, हरलो. एकच गोल खाल्ला. इम्रान म्हणाला, "नशीब, भाई." मोसम संपला. त्या दुपारी मी रडलो. झोपून रडलं की पाणी कानात जातं, आणि ते पुसायला हात लागतो. सिस्टरने कापसाने माझे दोन्ही कान पुसले.

तो गोल कॉर्नरवरचा होता हे मला फार उशिरा सरांकडून कळलं. इम्रान बाहेर आला, त्याचा अंदाज चुकला, बॉल डोक्यावरून आत. मी इम्रानला धरलं, "तेव्हाच का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "तुझी ती एकच गोष्ट हलत होती, येड्या. तिच्यावर आळ घेऊ?"

आईची पाठ

आधी नळी निघाली आणि आवाज आला, मग मान, मग हात. पाय सगळ्यात शेवटी. जे सगळ्यात आधी गेलं ते सगळ्यात उशिरा येतं असं डॉक्टर म्हणाले होते, तसंच झालं. घरी आलो तेव्हा टीमने मला खुर्चीसकट उचलून पायऱ्या चढवल्या. मधे दम खायला थांबले, तेव्हा इम्रान म्हणाला, "मोसमात एवढं पळालो नव्हतो." सगळे हसले. मीही हसलो, आता ओठ दोन्हीकडून हलत होते.

घरी आल्यावर खरं आजारपण सुरू होतं हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. हॉस्पिटलात पाळ्या असतात. घरी एकटी आई. खाटेवरून खुर्चीवर, खुर्चीवरून संडासला, परत खाटेवर. प्रत्येक वेळी बगलेत हात, आणि "चल, उठ." तिची पाठ गेली. ती कमरेला पट्टा बांधून मला उचलायची आणि मी तिच्या कानाशी चिडचिड करायचो. ती वाडीजवळच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. माझ्यामुळे सुट्टीवर होती. मार्चमध्ये चवदार तळ्यावरही गेली नाही, बाबांना एकट्यालाच पाठवलं.

महाडच्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी मला वॉकरवर उभा केला. पाच-सहा पावलं, मग दारापर्यंत, मग अंगणात. पण त्या फार कडक. आईने विचारलं, "ह्याला एकटा ठेवू का? मला कामावर जायचं हाय." मॅडम म्हणाल्या, "हा पडणार. नक्की पडणार. पडल्यावर जमिनीवरून एकट्याने उठता आलं की खुशाल जा. तोवर नाही."

उभं राहणं वेगळं आणि जमिनीवरून उठणं वेगळं. ज्याचे पाय गेले नाहीत त्याला हे कळणार नाही. मॅडमनी रीत शिकवली होती. पालथं व्हायचं, कोपरांवर यायचं, गुडघ्यांवर यायचं, काहीतरी धरून एक पाय पुढे, आणि मग रेटा. मला गुडघ्यांपर्यंत यायचं. पुढे नाही. तेवढ्यात आई धावत यायची आणि बगलेत हात घालायची. एकदा मी तिच्यावर ओरडलो, "हात लावू नको म्हणलं ना!" ती मागे झाली आणि चुलीपाशी जाऊन बसली. त्या दिवशी दोघंही जेवलो नाही.

मग अंगणवाडीकडून निरोप आला. पुढच्या महिन्यात रुजू व्हा, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल. आई बाबांना म्हणत होती ते मी ऐकलं. "जाऊ दे जागा. पोर जमिनीवर पडून राहिला, कोण हाय बघायला?" त्या जागेसाठी ती किती वर्षं खेटे घालत होती हे मला माहीत होतं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि पडून राहिलो.

आत्या त्या सगळ्या काळात आमच्या उंबऱ्यात आली नव्हती. आईने बोलणं सोडलं होतं. एके दिवशी दुपारी ती खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली आणि ओटीच्या कडेला बसली. "मॅडम काय सांगल्या त्ये मला दाखव," ती मला म्हणाली. "मी तसंच करीन. माझं डोस्कं चालवायची नाय." मी दाखवलं. ती माझे घोटे वळवायला लागली, रोज दुपारी, मॅडमनी सांगितलं तसंच. आई तिला ये म्हणाली नाही. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी आईने चहा टाकला तो तीन कपांचा.

अंगणात

बाबांची सुट्टी होती. सकाळची वेळ. मी वॉकर घेऊन अंगणात फेऱ्या मारत होतो. आई ओटीवर तांदूळ निवडत होती, बाबा दाढी करत होते. पाण्याच्या पिंपाजवळ ओलं होतं, माझा उजवा पाय अजून ओढतच पडायचा, तो घसरला. वॉकर एकीकडे गेला आणि मी दुसरीकडे. कोपर सडकून आपटलं.

आईच्या हातातलं सूप उडालं. ती ओटीवरून खाली आली तोच बाबांनी तिचं मनगट धरलं. अर्ध्या गालाला साबण तसाच.

"थांब."

"सोडा मला! लागलंय त्याला!"

"थांब म्हणतो ना. उठू दे."

"उठू दे काय? सोडा!" ती त्यांच्या हातावर फटके मारायला लागली. बाबांनी सोडलं नाही. मी पालथा झालो. कोपरांवर आलो. माती तोंडात गेली होती, थुंकलो. गुडघ्यांवर आलो. नेहमीची जागा, इथूनच मी परत पडायचो. ओटीची कड हाताला लागत होती, ती धरली. डावा पाय पुढे घेतला आणि रेटा दिला. अर्ध्यात पाय थरथरायला लागला आणि मी खाली बसलो. आईच्या तोंडून "अगो बाय" असं काहीतरी निघालं. मी परत डावा पाय पुढे घेतला. या वेळी श्वास भरून घेतला, पूर्ण छाती भरली, आणि रेटलं. मांडी पेटल्यासारखी झाली. ढुंगण वर गेलं, मग कंबर, मग पाठ. मी ओटीला धरून उभा होतो. वाकडा, पण उभा. कुणीही हात लावला नव्हता.

बाबांनी आईचं मनगट सोडलं. ती तिथेच उभी राहिली. पुढे आली नाही. पदराने तोंड पुसलं, परत पुसलं. तांदूळ अंगणभर सांडले होते आणि कोंबड्या ते टिपत होत्या, त्यांनाही कुणी हाकललं नाही.

"परत पड," आई म्हणाली.

"काय?"

"परत पड रे एकदा. डोळ्यांत पाणी आलं, मला नीट दिसलंच नाय."

मी ओटी सोडली आणि पडलो.